नाव सांगून आत यायचं घर

म्हादूचा फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात होते. बांगडे ताजे की बर्फातले, यावरून कोळणीशी माझं वाजत होतं आणि फोन खांद्याने कानाशी धरला होता. "सुधाताई, दादा गेला," म्हादू म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठे?" हसू नका. दत्तादादाच्या बाबतीत 'गेला' हा शब्द आम्ही कित्येक वर्षांत वापरलाच नव्हता. तो कुठे जात नसे. बाजाराला नाही, लग्नाला नाही, मयतीला नाही. घराच्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या त्या बांबूच्या फाटकापर्यंत यायचा आणि तिथून मागे फिरायचा. पलीकडून म्हादूचा हुंदका आला तेव्हा कुठे मला उमगलं... कोळणीने माझ्या तोंडाकडे बघितलं, बांगडे परत टोपलीत टाकले आणि स्वतःचा पाट माझ्याकडे सरकवला. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसला होता, म्हादू सांगत होता, वहिनी कप न्यायला आली तर मान कलली होती.

दत्ताराम हा माझ्या मामाचा थोरला मुलगा आणि म्हादू धाकटा. घर रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून. फौजेतून घरी आल्यापासून दादाची खुर्ची पडवीत एकाच जागी असायची, पाठ भिंतीला आणि तोंड बेड्याकडे. तिथे बसून तो आंब्याची कलमं बांधायचा. हात इतके हलके की त्याने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. पण बेड्याशी कुणी आलं की हातातली सुरी खाली ठेवून विचारायचा, "कोण हाय?" नाव सांगायचं. त्याने "ये" म्हटलं की मगच आत पाऊल टाकायचं. रोज दूध घालणाऱ्या बाईलाही सूट नव्हती, सख्ख्या भावालाही नव्हती. सुट्टीच्या दिवसांत गणपतीपुळ्याच्या गाड्या रस्ता विचारायला थांबायच्या, त्यांनाही नव्हती. एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी काच खाली करून "समुद्राजवळची खोली कुठे मिळेल?" असं विचारलं. दादा म्हणाला, "नाव सांगा." ते बिचारे खाली उतरले आणि नाव, आडनाव, मूळ गाव, कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते सगळं सांगून मोकळे झाले. मग दादाने त्यांना आत बोलावलं, कोकमचं सरबत दिलं, रस्ता सांगितला. जाताना गृहस्थ मला हळूच म्हणाले, "फार शिस्तीचे आहेत हो." मी म्हटलं, "फौजेतले आहेत." एवढंच सांगायची आम्हाला सवय होती.

फौजेत जायच्या आधीचा दत्तादादा फार थोड्या लोकांना आता आठवत असेल. शिमग्यात देवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवायला गावात त्याच्यासारखा गडी नव्हता. मी तेव्हा परकरातली, अंगणाच्या कडेला उभी राहून त्याचे पाय बघायची. भरती झाला, रजेवर यायला लागला, तेव्हा येताना अक्रोड आणायचा आणि लोकरीच्या शाली आणायचा. कोकणात लोकरीची शाल! पण मामी ती वैशाखातसुद्धा देवळात पांघरून जायची, घामाच्या धारा पुसायची आणि विचारल्यावाचून सांगायची, "दत्ताने आणली." एका रजेत त्याचं सुनंदावहिनीशी लग्न झालं. हळद उतरली न उतरली तोच तो परत गेला.

पुढच्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. तंबूत झोपलेली त्याच्या तुकडीतली पोरं खाली गेली. दादा पहाऱ्यावर होता, म्हणून वर राहिला. हे त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही कलमाला पट्टी गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता. तो एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होता आणि बर्फाखालून उत्तरं येत होती. "मग एकेक कमी झालं गो..." तो म्हणाला आणि पट्टीची गाठ मारली. त्यानंतर तो झोपेनासा झाला. पहारा संपला तरी जागा सोडेना, आपल्याच माणसांना दहादा नाव विचारू लागला. एकदा वरिष्ठाने नाव सांगितलं नाही म्हणून त्याच्यावर बंदूक रोखली. त्याला रुग्णालयात ठेवलं आणि घरी पत्र आलं. मामा निघाले.

इथे मामांबद्दल सांगायला हवं. देवीच्या मानकऱ्यांपैकी मामांचं घर. शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात आली, ढोल चढला की मामांच्या अंगात देवीचं वारं यायचं. एरवी कुणाला वर मान करून न बोलणारा हा माणूस थरथरायला लागायचा, त्याचा आवाज पालटायचा, आणि अख्खा गाव हात जोडून त्याचं ऐकायचा. वारं उतरलं की त्यांना काही आठवत नसे. मामी पाण्याचा तांब्या द्यायची आणि मामा पुन्हा मामा व्हायचे. त्यांच्या वडिलांच्या अंगात यायचं, आजोबांच्या यायचं. घराण्याचा तो मान होता आणि त्याहून मोठा मान आमच्या गावात दुसरा नाही.

तर त्या रुग्णालयात डॉक्टरांनी मामांना विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही होतं का? पोराला खुळ्यांच्या खोलीत ठेवलेलं बघून मामांचा जीव अर्धा झाला होता. त्यांना वाटलं, हीच वेळ आहे पोराची अब्रू वाचवायची. जमेल त्या हिंदीत ते म्हणाले, "साहब, ये हमारे घर में पहले से है. मेरे को आता है, मेरे बाप को भी आता था." डॉक्टरांनी नीट चौकशी केली. काय होतं? कसं होतं? नंतर आठवतं का? मामांनी उभं राहून थरथर करून दाखवली, आवाज काढून दाखवला. परत आल्यावर आमच्या ओटीवर बसून माझ्या आईला सांगत होते, "अक्का, डाक्टरला साफ सांगितलं. आमचा पोरगा खुळा नाय. देवीची नजर हाय त्याच्यावर." आईने देवापुढे साखर ठेवली. सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

डॉक्टरांनी ऐकलं ते लिहिलं. दादाला घरी पाठवलं तेव्हा त्याच्या डिस्चार्ज बुकात नोंद होती: मनाचा आजार, सेवेमुळे जडलेला नाही, घराण्यात पूर्वीपासून. त्यामुळे अपंगत्वाची पेन्शन नाही. मी एकदा दादाला विचारलं, "अरे, तुला हिंदी येत होती, तू तिथेच होतास, बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तोंड उघडलं होतं मी. पण बाबा एवढे खुशीत होते..."

गावात मात्र मामांचं ते बोलणं दादाच्या डोक्यावरचं छप्पर झालं. कुणी त्याला खुळा म्हटलं नाही. पोरांनी खडे मारले नाहीत. बेड्याशी नाव सांगायचं, तर सांगू, देवीचं माणूस आहे, असं म्हणून लोक सांगू लागले. आणि याच छपराखाली तो अडकला. शिमगा आला की ढोल, फाकांच्या आरोळ्या, होळीचा जाळ... ज्या सणात त्याच्या घराचा मान, त्याच सणात तो मागच्या खोलीत कानांत कापूस घालून, गुडघ्यांत डोकं खुपसून बसायचा. वहिनी दाराला पाठ लावून बसायची. ती काजूच्या कारखान्यात जायची, बोटं तेलाने काळी पडलेली. एक बाई तिला कौतुकाने म्हणाली, "भाग्याची गो तू, देवीच्या माणसाची बायको." वहिनी म्हणाली, "खुळ्याची म्हण नायतर देवीची म्हण, चूल मलाच पेटवायची हाय."

माझा जन्म एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करण्यात गेला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आमची चूल त्या न शहाण्यांवरच पेटायची. दादाचं प्रकरण लढवता येईल हे मला पुष्कळ आधी कळलं होतं. फक्त मामांनी एवढं लिहून द्यायला हवं होतं की माझ्या अंगात येतं तो आजार नव्हे, तो देवाचा भाग आहे. मी त्यांना तसं म्हटलंही. मामांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "सुधे, माझा आजार नाय असं लिवलं, तर पोराचा आजार हाय असं झालं ना? मग तो खुळा ठरला." देवीचा म्हणावा तर पेन्शन नाही, आजारी म्हणावा तर गावात तोंड नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दादा पडवीतून म्हणाला, "बाबा हायत तोवर हा विषय नको."

मामा गेले. पुढच्या शिमग्यात वारं म्हादूच्या अंगात आलं. म्हादू वेगळा राहतो, रिक्षा चालवतो, गणपतीपुळ्याची गिऱ्हाइकं नेतो, दिवसभर बडबड करतो. पण त्या दिवशी तो थरथरला तेव्हा मला मामाच दिसले. पाऊस संपल्यावर एकदा मी गेले, बेड्याशी नाव सांगितलं, तर "ये"च्या पाठोपाठ दादा म्हणाला, "आता लिही." मला वाटलं वहिनीसाठी म्हणतोय, आपल्यामागे तिला काहीतरी मिळावं म्हणून. ते होतंच. पण त्याचं खरं दुखणं निराळं होतं. "घराण्यातून आलं म्हणतात," तो म्हणाला. "ती पोरं माझ्या घराण्यातली होती काय? बर्फात झालं ते बर्फात झालं, असं कुणीतरी लिवायला नको?" एवढा चिडलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मुंबईचे एक वकील असली प्रकरणं बघायचे, त्यांनी फौजेच्या न्यायाधिकरणात अर्ज टाकला. मागणी साधी होती. नोंद दुरुस्त करा आणि घरी पाठवलं त्या दिवसापासून पेन्शन द्या. तारखा पडत गेल्या. शेवटी हुकूम झाला की दादाची नव्याने वैद्यकीय तपासणी करा. आणि तपासणीवाल्यांनी कळवलं, घराण्यात आजार आहे म्हणून आधी लिहिलेलं आहे, तेव्हा घरात आता ज्याच्या अंगात येतं त्यालाही आणा.

गावकी बसली. मानकऱ्यांतले सगळ्यांत वयस्क म्हणाले, "म्हादू, उद्या डाक्टरने रोग म्हणून लिवलं तर? आम्ही इतकी वर्षं रोग्यापुढे हात जोडत होतो काय?" त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. म्हादू तिथून उठून दादाकडे आला. दादाने त्याला सांगितलं, "जाऊ नको. माझं काय, मी असाच बसलोय." त्यानंतर म्हादू रोज यायचा, बेड्याशी नाव सांगायचा, चहा प्यायचा, गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा आणि मुद्द्याचं सोडून सगळं बोलायचा. वहिनी एका शब्दाने त्याला काही म्हणाली नाही. फक्त चहा त्याच्यासमोर ठेवून उभी राहायची. दोघे भाऊ दोन खांबांना बांधल्यासारखे, आणि दोर एकच. मग एका संध्याकाळी म्हादू उठता उठता म्हणाला, "गाडी सांगितलीय. सोमवारी जाऊ." वहिनीने विचारलं, "कौल लावलास?" आमच्याकडे देवीला फूल लावून विचारतात, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. म्हादू म्हणाला, "नाय लावला. डावा दिला असता, तर जाता आलं नसतं."

त्या सोमवारी दादा बेड्याबाहेर पडला. पडला म्हणजे काय, बांबू धरून उभा राहिला तो सुटेना. वहिनीने एकेक बोट सोडवलं. घाट चढेपर्यंत तो माझ्या आणि म्हादूच्या मध्ये डोळे मिटून बसला होता. घाटावरच्या फौजेच्या रुग्णालयात तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, मराठी बोलणाऱ्या, वर्दीतल्या. त्यांनी म्हादूला आधी घेतलं. मला बसू दिलं.

"एरवी कधी येतं का अंगात?"

"एरवी रिक्षा चालवतो, मॅडम. मागे गिऱ्हाईक असतं."

"मग थांबतं कसं?"

"ढोल थांबला की थांबतं."

"आणि त्याचा तुम्हाला त्रास होतो?"

"नाय," तो म्हणाला. "नाय आलं, तर त्रास होईल."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग दादाची पाळी आली. त्याने खुर्ची ओढून भिंतीला लावली आणि आधी त्यांनाच विचारलं, "तुमचं नाव?" बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि हुद्द्यासकट पूर्ण नाव सांगितलं. "या," दादा म्हणाला, त्यांच्याच खोलीत, त्यांनाच! आणि मग तो बोलायला लागला. बर्फ, तंबू, हाका, एकेकाचं नाव. फौजेतल्या कुणीतरी ते नीट ऐकून घ्यायला त्याचं म्हातारपण यावं लागलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. आजार सेवेत असताना, सेवेमुळे जडला, तशी नोंद करावी, पेन्शन द्यावी. मी पेढे घेऊन गेले. पण मागची रक्कम मिळणार होती ती फक्त अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांची, उशिरा अर्ज केला की कायदा तेवढंच देतो. पहिल्या दिवसापासूनची मागणी नामंजूर. मी दादाला ते वाचून दाखवलं, समजावलं, की नोंद तर बदलली ना, मुख्य ते झालं. त्याने पेढा हातात तसाच धरला होता. "मग मधल्या वर्षांत मी कोण होतो गो?" त्याने विचारलं. "खुळा, का देवीचा, का फौजेचा?" चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं. पेढा त्याने शेवटी कावळ्याला टाकला.

आणि मग यंदाचा शिमगा आला. पालखी अंगणात आली. म्हादू पांढरं धोतर नेसून, उघड्या अंगाने पुढे उभा राहिला. ढोल चढला. म्हादूने डोळे मिटले. गाऱ्हाणं झालं, "व्हय महाराजा!" म्हणून गाव गरजलं. ढोल पुन्हा चढला, पुन्हा चढला... काही नाही. म्हादूच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हाताच्या मुठी वळलेल्या, आणि अंग नुसतं उभं. वयस्क मानकरी जमिनीकडे बघत होते. मागून कुणीतरी हळू म्हणालं, "डाक्टरकडून आला ना तपासून." ढोलवाल्यांनाही थांबायचं कसं ते कळेना, म्हणून ते वाजवतच राहिले. मला वाटलं, आता हा इथेच कोसळणार.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं. दत्तादादा पडवीत आला. कानांत कापूस नव्हता. त्याने खांब धरला. त्याला बघून ढोल आपोआप बंद पडला. दादाने अंगणात बघितलं आणि बेड्याकडे बघून विचारायचा त्याच आवाजात विचारलं, "कोण हाय?"

म्हादूने डोळे उघडले. "मी... म्हादू."

"नुसता म्हादू?"

"नुसता म्हादू, दादा."

"मग ये."

म्हादू पायरी चढून आला आणि लहान पोरासारखा दादाच्या पायाशी बसला. वहिनीने देवीची ओटी भरली आणि पालखी पुढच्या घरी गेली. गावात कुणी म्हादूला वाईट बोललं नाही, पण कुणी चांगलंही बोललं नाही. वारं पुढे कुणाकडे जाईल याची चर्चा अजून चालू आहे.

त्यानंतर दादाने कलम बांधायला घेतलं नाही. मी गेले की एकच म्हणायचा, "त्याचं वारं गेलं माझ्यापायी." म्हादू त्याला हसवायला बघायचा. "दादा, रिक्षेला वारं लागत नाय, गॅस लागतो!" दादा हसायचा, म्हादूला बरं वाटावं म्हणून. एकदा म्हादू निघून गेल्यावर दादा मला म्हणाला, "निकाल लागला गो. पण मी सुटलो नाय." मला वाटतं, त्याने त्याच दिवशी ठरवलं असावं... नाही, असं लिहू नये. माणूस हृदय थांबून गेला, डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. पण मला वाटायचं ते वाटतंच.

दुरुस्त झालेली नोंद दिवसकार्य झाल्यावर टपालाने आली. वहिनीने कुंकवाचं बोट लावून ती दादाच्या लोखंडी ट्रंकेत ठेवली. पेन्शन आता तिच्या नावावर होईल, त्याचे कागद मीच करते आहे. त्याच कामासाठी गेल्या आठवड्यात गेले. खुर्ची आहे तिथेच आहे, पाठ भिंतीला, शेजारी सुरी आणि कलमाच्या पट्ट्यांची गुंडाळी. बेडं सताड उघडं होतं. मी थांबले आणि म्हटलं, "मी, सुधा." मागून दूध घालणारी बाई आली, तीही थांबली आणि तिनेही आपलं नाव सांगितलं. दोघी उन्हात रस्त्यावर उभ्या. आतून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"अगो, या ना," ती म्हणाली. "आता कोण विचारतंय?"

कुणी विचारत नव्हतं. म्हणूनच पाय उचलत नव्हता.